मेल सगळ्यांना जाईल

जया खोब्रागडेच्या हाताखाली माणूस एकही नव्हता, पण ट्रॅकर होता. हडपसरच्या त्या कंपनीत सॉफ्टवेअर बनायचं, आणि बनलेल्यात चूक सापडली की ती ट्रॅकरमध्ये नोंदवायची. नोंदवली की तिचं तिकीट व्हायचं, तिकिटाला नंबर मिळायचा, दुरुस्त करणाऱ्याचं नाव त्याला चिकटायचं. पुढे त्यावर कुणी काही लिहिलं, बदललं किंवा ते बंद केलं की आपोआप मेल जायचा. तो मेल कुणाला जावा हे ठरवणारं एक पान होतं. डावीकडे घडणाऱ्या गोष्टी, वरती माणसं, मध्ये रिकामे चौकोन. चौकोनात टिक केली की मेल निघाला. ते पान उघडायची परवानगी साऱ्या मजल्यावर एकट्या जयाला होती.

ती मूळची भद्रावतीची. वडील तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. अमरावतीला इंजिनिअरिंग करून ती पुण्यात आली, टेस्टिंगमध्ये चिकटली, आणि कामात नीटनेटकी म्हणून ट्रॅकर तिच्या गळ्यात पडला. नवरा धम्मदीप सरकारी नोकरीत. घर वारजेला, म्हणजे शहराच्या एका टोकाला राहायचं आणि दुसऱ्या टोकाला राबायचं. कंपनीच्या बसमध्ये तिची निम्मी झोप व्हायची.

दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यात माधवसरांच्या डोक्यात आलं की ऑफिसच्या तक्रारीही ट्रॅकरमध्येच घ्यायच्या. एसी, कॉफीचं मशीन, लिफ्ट, संडास, सगळं. माधवसर म्हणजे त्या मजल्याचे प्रमुख. एका परदेशी ट्रेनिंगहून ते ‘पारदर्शकता’ हा शब्द घेऊन आले होते आणि लहान मूल नवी शिट्टी वाजवतं तसा तो दिवसभर वाजवायचे.

त्यांनी जयाला केबिनमध्ये बोलावलं. तिनं ते पान कागदावर छापून नेलं होतं. तक्रार करणारा, ती सोडवणारा आणि ज्याला मुद्दाम लक्ष ठेवायचंय तो, अशा तिघांपुढेच तिनं टिकच्या खुणा केल्या होत्या.

माधवसरांनी कागद पाहिला. “बाकीच्यांचं काय?”

“बाकीच्यांचा काय संबंध, सर? कॉफीचं मशीन बिघडलं तर ते ज्यानं दुरुस्त करायचं त्याला कळलं म्हणजे झालं.”

“नाही. सगळ्यांना कळलं पाहिजे. उद्या कुणी म्हणायला नको की मला माहीतच नव्हतं.”

“सगळ्यांना सगळं गेलं तर कुणीच काही वाचणार नाही, सर.”

“वाचतील. चारचौघांसमोर आलं की माणूस हलतो. ‘सर्व सदस्य’ला टिक कर. नवीन तिकीट, कॉमेंट, बंद होणं, सगळ्याला. आणि जोडलेल्या फायलीही मेलसोबत जाऊ देत.”

“ज्याला नको त्याला मेल बंद करायची सोय असते.”

“ती काढून टाक.”

जयानं ती काढून टाकली. जागेवर येऊन एकेक चौकोन भरताना तिला नकोसं वाटत होतं, पण नकोसं वाटलं म्हणून काम टाळायची तिला सवय नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून पूर आला. मजल्यावर तीनेकशे माणसं. एकानं लिहिलं एसी फार थंड आहे, दुसऱ्यानं खाली लिहिलं मुळीच नाही, तिसऱ्यानं लिहिलं ज्यांना थंडी वाजते त्यांनी स्वेटर घालावा, आणि त्या स्वेटरवरून दोन शिकलेली माणसं संध्याकाळपर्यंत भांडली. त्यांच्यात बारा फुटांचं अंतर होतं, पण उठून बोलायला कुणी तयार नव्हतं. प्रत्येक ओळ तीनेकशे ठिकाणी पोचत होती. कुणीतरी लिहिलं की पँट्रीतल्या साखरेत मुंग्या आहेत. पुराव्याला मुंग्यांचा फोटो. लोकांनी वैतागून आपापल्या मेलमध्ये नियम घातला की ट्रॅकरचं काही आलं की सरळ कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जावं. पण त्या कचऱ्यात चमचमीत काही पडलं की कसं कोण जाणे, मजल्यावर बरोबर वास लागायचा. मग सगळे तो फोल्डर उघडून बसायचे. जयाला या सगळ्याचा वीट आला होता. दिवसभर हात साबणानं धुवावेसे वाटायचे, असं तिनं एकदा धम्मदीपला सांगितलंही होतं.

मग एका मंगळवारी दुपारी चैतालीचं तिकीट आलं.

चैताली जयाच्याच टीममधली, शेजारच्या खुर्चीवरची. दोघी चार वर्षं एकत्र डबा खात होत्या. चैतालीच्या तिकिटाचं शीर्षक होतं, ‘लेडीज वॉशरूममध्ये हाउसकीपिंग स्टाफ जेवतो’. खाली दोन ओळी, आरोग्याला घातक आहे, ताबडतोब कारवाई व्हावी. आणि फोटो.

फोटोत यमुनाबाई होत्या. बेसिनच्या समोर, फरशी पुसायच्या दांड्याशेजारी, पालथ्या बादलीवर बसलेल्या. अंगात कंत्राटदाराचा निळा कोट. मांडीवर डबा, हातात भाकरीचा तुकडा, आणि तोंड घासासाठी उघडलेलं. माणूस जेवताना कसा दिसतो हे त्याला स्वतःला कधीच दिसत नाही, आणि दुसऱ्यानं निरखून बघायचं नसतं. इथं तीनेकशे पडद्यांवर ते पसरलं होतं.

खाली कॉमेंट येऊ लागल्या. एकीनं नुसतं ‘ईईई’ लिहिलं. एकानं विचारलं की याच हातांनी आपले कप धुतले जातात का. दुसऱ्यानं लिहिलं, आत्ता कळलं माझं पोट का बिघडतं. एका विनोदवीरानं मेनू काय होता अशी चौकशी केली, त्यावर पाचसहा जणांनी हसरे चेहरे टाकले. आणि प्रत्येक कॉमेंटबरोबर तो फोटो पुन्हा सगळ्यांना जात होता, कारण फायली मेलसोबत जाव्यात या ओळीसमोर जयानं टिक केली होती.

जयाला किळस आली. भाकरीनं नाही, बादलीनं नाही. त्या हसऱ्या चेहऱ्यांनी. तिचे वडील सांगायचे, फॅक्टरीत भोंगा झाला की कामगार कँटीनला बसायचे आणि तेवढ्यात साहेब आला तर तो दाराशी थांबायचा. जेवत्या माणसाला उठवायचं नाही हा तिथला अलिखित कायदा होता. ते कँटीनही कामगारांनी भांडून मिळवलेलं होतं. इथं काचेची इमारत, कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही, आणि झाडूवाली बाई बादलीवर.

ती उठून वॉशरूममध्ये गेली. यमुनाबाई बेसिन घासत होत्या. ऑफिसात सगळ्याच सफाईवाल्यांना ‘मावशी’ म्हणायची पद्धत होती, नाव विचारायचे कष्ट वाचतात. जयाला नाव माहीत होतं, कारण बाई लोणी काळभोरहून येतात आणि सकाळची बस चुकली की त्यांचा अर्धा दिवस कापला जातो, हे एकदा त्यांनीच सांगितलं होतं.

“यमुनामावशी, तुम्ही इथं जेवता?”

“मग कुठं जेवू?” बाईंनी हात न थांबवता विचारलं. “पँट्रीत बसलं की आमचा सुपरवायजर वैजनाथ हाकलतोय, सायेब लोकांना वास येतो म्हणं. जिन्यात बसलं की शिकुरिटी उठवतोय. खाली पार्किंगात उन्हं. हितं कुणी काय म्हणत न्हाई. मीच घासती, मीच बसती. सोच्छ हाय की.”

 बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. “का? कुणी काय म्हणलं व्हय?”

“तुमचा फोटो काढलाय, मावशी. जेवताना. सगळ्यांना गेलाय.”

बाईंचा हात थांबला. त्यांनी नळ बंद केला, कोटाला हात पुसले.

“जेवताना?” त्या म्हणाल्या. “जेवताना कुणाचा फोटू काढत्यात का?”

एवढंच. मग त्यांनी नळ पुन्हा सोडला आणि पाठ फिरवली.

जया जागेवर आली. चैताली मजेत काम करत होती.

“चैताली, ते तिकीट तू टाकलंस?”

“हो. का गं? बघ ना, किती अनहायजेनिक आहे.”

“तिला जेवायला दुसरी जागा नाही. तू विचारलंस?”

“अगं, मी तिच्याविरुद्ध कुठं लिहिलंय? मी हायजीनबद्दल लिहिलंय. जागा द्यायची की नाही तो व्हेंडरचा प्रॉब्लेम आहे.”

“मग चेहरा कशाला दाखवायचा?”

चैताली खरोखरच गोंधळली. “प्रूफ नको? स्क्रीनशॉट नसला की तूच तिकीट परत पाठवतेस ना.”

हे खरं होतं. ‘पुरावा जोडा’ हा नियम जयाचाच होता.  चैतालीच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, आणि तेच जास्त ओंगळ वाटत होतं. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

चार वाजायच्या आत तिकीट बंद झालं. बंद करतानाची नोंद होती, ‘संबंधित स्टाफ बदलला आहे.’ तोही मेल सगळ्यांना गेला. खाली लोकांनी आभार मानले. माधवसरांनी स्वतः लिहिलं, ‘शाब्बास! याला म्हणतात पारदर्शकता. दोन तासांत निकाल.’ संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी तेच तिकीट मोठ्या पडद्यावर लावलं, फोटोसकट, आणि तक्रार कशी नोंदवावी याचा नमुना म्हणून दाखवलं.  जया उठून बाहेर गेली. ती का गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाली फाटकापाशी वैजनाथ उभा होता, कंत्राटदाराचा सुपरवायझर. जयानं त्याला गाठलं.

“यमुनाबाईंना काढलंत?”

“दुसरीकडं पाठवू, मॅडम, साइट मिळाली की.”

“म्हणजे काढलंतच. चूक तुमची. पँट्रीतून हाकललं कुणी?”

वैजनाथनं इकडंतिकडं पाहिलं. “मॅडम, पँट्रीत बसू द्यायचं नाही हे मला वरून सांगितलेलं आहे. मी कोण? आणि खरं सांगू? ही तक्रार गुपचूप माझ्याकडं आली असती तर मी बाईला म्हणलं असतं, मावशी, चार दिवस दुसरीकडं बसा. मिटलं असतं. पण तुमचा मेल पडला सगळ्यांना. मला एका तासात दहा साहेबांचे फोन. माणूस बदलल्याशिवाय कोण ऐकतंय?”

जयाला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली. वैजनाथला शिव्या द्यायच्या ठरवून ती आली होती, आणि शिवी परत तिच्याच अंगावर आली होती.

त्या संध्याकाळी घरी ती ताटासमोर नुसती बसून राहिली. धम्मदीप वर्ध्याचा, बोलायला मोकळाढाकळा.

“जेवत काऊन नाहीस?”

तिनं सगळं सांगितलं. तो भात कालवता कालवता ऐकत होता, मग त्याचाही हात थांबला.

“बदलून टाक ना मंग ते सेटिंग.”

“माझ्या हातात नाही ना ते.”

“हातात तुझ्याच आहे. साहेबाची परवानगी नाही म्हण.”

जया चिडली. तावातावानं म्हणाली की त्याला खाजगी नोकरी म्हणजे काय ते कळत नाही, सरकारी खुर्चीवर बसून शहाणपण सुचतं. तो पुन्हा भात कालवू लागला. थोड्या वेळानं तिनंच ताट पुढं ओढलं, चार घास गिळले. बोलला त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर चीड आली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तिनं सेटिंगला हात लावला नाही. आधी तिनं एक तिकीट उघडलं. शीर्षक लिहिलं, ‘या इमारतीत सफाई कामगारांना जेवायला जागा नाही’. खाली लिहिलं की पँट्रीत त्यांना बसू देत नाहीत, जिन्यातून उठवतात, म्हणून त्या वॉशरूममध्ये जेवतात. आणि याच कारणावरून काल एका बाईचं काम गेलं, जिची यात काही चूक नव्हती. फोटो जोडला नाही. ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात तिनं माधवसरांचं नाव घातलं.  तिनं बटण दाबलं.

 काल हसरे चेहरे टाकणारे आज खाली माना घालून काम करत होते. कॉमेंट एकही आली नाही. चैतालीनं वाचलं हे जयाला कळलं, कारण तिची खुर्ची अर्धा फूट पलीकडे सरकली.

माधवसरांनी बोलावणं धाडलं नाही, ते स्वतःच जयाच्या टेबलाशी आले. “केबिनमध्ये ये.”

दार लागल्यावर ते म्हणाले, “हा काय प्रकार आहे?”

“तिकीट आहे, सर.”

“माझं नाव घालून? अगं, क्लायंटची माणसं आहेत या यादीत! अमेरिकेला गेलं हे!”

“सर्व सदस्य म्हणजे तेही आले, सर. कालचा फोटोही त्यांना गेला होता. तेव्हा तुम्ही शाब्बास लिहिलं होतं.”

 माधवसर आवाज उतरवून, समजुतीच्या सुरात म्हणाले, “जया, तू हुशार मुलगी आहेस. असल्या गोष्टी येऊन सांगायच्या असतात. चव्हाट्यावर मांडायच्या नसतात.”

“यमुनाबाईंचं काल चव्हाट्यावरच मांडलं, सर.”

“तो वेगळा विषय आहे. तो व्हेंडरचा माणूस.” त्यांनी कपाळ चोळलं. “आधी ते सेटिंग बदल. आत्ता. माझ्यासमोर.”

“मेल कुणाला जावा?”

“फक्त संबंधितांना. तक्रार करणारा आणि… आणि ज्याच्याकडे आहे तो. बस.”

त्यांच्याच संगणकावर जयानं ते पान उघडलं. ‘सर्व सदस्य’च्या खालच्या खुणा एकेक करून काढल्या. तिनं उन्हाळ्यात कागदावर मांडलं होतं तेच आता पडद्यावर उमटत होतं, आणि तरी तिला जिंकल्यासारखं जराही वाटलं नाही. एका बाईचं काम गेलं तेव्हा जे हललं नाही, ते एका साहेबाचं नाव आल्यावर चहा थंड व्हायच्या आत हललं. शिसारी यावी अशीच गोष्ट होती, आणि ती तिला आली.

दुपारी माधवसरांनी ते तिकीट स्वतःच्या हातानं बंद केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘आपल्या कक्षेत येत नाही’. तो मेल दोघांनाच आला, त्यांना आणि जयाला. मजल्यावर कुणाला पत्ताही लागला नाही.

चैतालीच्या तिकिटावरून फोटो तेवढा जयानं त्याच दिवशी काढून टाकला.

रविवारी ती वैजनाथकडून पत्ता घेऊन लोणी काळभोरला गेली. धम्मदीप बरोबर येतो म्हणत होता, ती नको म्हणाली. यमुनाबाईंचं घर रस्त्यापासून आत होतं, पत्र्याचं, समोर सारवलेलं अंगण. बाई लसूण सोलत बसल्या होत्या. जयाला पाहून त्या उठल्या नाहीत, पण बस म्हणाल्या.

“काम लागलं का कुठं?”

“कालेजाच्या मेसात. भाज्या निवडायच्या, भांडी घासायची. पगार कमी हाय. पर बस न्हाई, काय न्हाई, चालत जाती.”

“मावशी, मला फार वाईट वाटतं. ते मेल सगळ्यांना जायचं सेटिंग मीच केलेलं होतं. आता बदललंय.”

“मला त्यातलं काय कळत न्हाई,” बाई म्हणाल्या. त्यांना त्यात रसही दिसला नाही. लसणाची एक पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली. मग त्यांनी विचारलं, “त्यो फोटू पुसला का?”

जयाला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता.

“माझ्याकडचा पुसला. पण ज्यांना ज्यांना गेला त्यांच्याकडं तो आहेच. तिथला मला पुसता येत नाही.”

“म्हंजी त्यास्नी वाटंल तवा बघत्याल.”

“हो.”

“माझा पोरगा म्हणत हुता असंच आसतंय म्हणून. मला वाटलं तुमी पुसून आला आसचाल, त्येच सांगाया आलाय.” बाईंनी सालं फुंकरीनं उडवली. चहा विचारला नाही. थोड्या वेळानं, रागावून नाही, पण संपवल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, “जावा आता. पुढची बस लई येळानं हाय.”

जया त्या कंपनीत आणखी वर्षभर राहिली. हिवाळ्यात अमेरिकेतली मंदी इथवर पोचली, माणसं कमी होऊ लागली, आणि जो तो आपली खुर्ची घट्ट धरून बसला. माधवसरांनी तिला काढलं नाही. ट्रॅकर तेवढा काढून घेतला आणि दुसऱ्या एका मुलाला दिला, म्हणजे वाईटही वाटू नये आणि धडाही मिळावा. चैतालीशी बोलणं तुटलं नाही. हवापाणी, सुट्ट्या, पगारवाढ. डबा मात्र जया वेगळा खाऊ लागली. चैतालीनं एकदा विचारलं, “माझ्यावर अजून रागावली आहेस का?” जया म्हणाली, “राग नाही गं. घास उतरत नाही.” चैतालीला ते लागलं, पण काय चुकलं ते तिला अखेरपर्यंत उमगलं नाही.

बदली आलेल्या नव्या बाई कुठं जेवतात ते जयानं शोधून काढलं. जनरेटरच्या खोलीमागं, डिझेलच्या वासात. तिनं पँट्रीच्या माणसाशी भांडण काढलं, नंतर वैजनाथशी, मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिला. अर्जाचं काही झालं नाही. भांडणाचं एवढं झालं की पावसाच्या दिवसांत बाईंना पँट्रीच्या कोपऱ्यात बसू द्यायला लागले, तेही दोननंतर, साहेब लोक उठून गेल्यावर.